बाहेर किती जण झोपले आहेत?

१

विश्वेशच्या घरात दुपारी दोन ते चार कोणी मोठ्याने बोलत नसे. बोलायला जागंच कोणी नसे म्हणा. तिरुवल्लिकेणीतल्या एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, एक हॉल, एक आतली खोली आणि स्वयंपाकघर एवढंच ते घर. रसम-भात पोटात गेला की हॉलच्या लाल फरशीवर तीन चटया पडत. खिडकीखाली अम्मा, पंख्याखाली आत्या आणि आतल्या खोलीच्या दाराला आडवे, राखणीला बसवल्यासारखे, अप्पा. अप्पा म्हणजे पद्मनाभराव. बंदरातल्या कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण शिस्त अंगातून गेली नव्हती. दोन वाजले की घरातला प्रत्येक फोन मुका व्हायलाच हवा, हा नियम त्यांचा. या अकरा वर्षांत दोन ते चार ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

तीन पिढ्यांपूर्वी तंजावरहून आलेलं हे मराठी घर. सून ऊर्मी मात्र पेरंबूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, वडील अकोल्याकडचे. लग्न होऊन आली तेव्हा सासरची मराठी निम्मी तिच्या डोक्यावरून गेली. ती भाषा ती शिकली. या घरात एकांत म्हणून काही नसतो, हे मात्र तिला शिकायला जड गेलं. मोरी होती आतल्या खोलीच्या पलीकडे. रात्री अप्पा दोनदा, अम्मा एकदा आणि आत्या देव जाणे किती वेळा, खाकरत खाकरत नवराबायकोच्या अंथरुणाशेजारून जात.

म्हणून दुपार. विश्वेश आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचा, मंगळवार-गुरुवार तरमणीच्या ऑफिसात. घरी असला की तो लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसे, ऊर्मी आतल्या खोलीत कडी लावून चित्रं काढत असे. कडी लावली नाही तर ते जुनं दार आपोआप उघडून करकरायचं. हॉलमधले श्वास जड झाले की विश्वेश कॉफीच्या स्टीलच्या वाटीवर, म्हणजे दवऱ्यावर, नखाने दोन टिचक्या मारी. पहिली नेहमीची, दुसरी जरा हळू. मग आतून बांगड्या उतरवल्याचा बारीक आवाज येई. एका हातात चार, दुसऱ्या हातात चार. आठवी उतरली की कडी निघायची, आणि विश्वेश श्वास धरून स्वतःच्या बापाला ओलांडायचा.

२

एकदा अप्पांना ओलांडताना विश्वेशचा तोल गेला आणि तो एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिला, तेव्हा ऊर्मीने तोंडात ओढणी कोंबून हसू दाबलं होतं. नंतर ती म्हणाली, "याचा खेळ करायला हवा."

आणि त्यांनी तो केला. दिवसा तो दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासायचा, ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. उरलेल्या वेळात दोघांनी मिळून हा खेळ रचला. नवपरिणीत जोडप्याच्या वर्षभराची मोठी गोष्ट पुढे कधीतरी करायची होती, त्यातला हा पहिला छोटा खेळ. नाव ठेवलं 'दोन ते चार'. प्रौढांच्या खेळांची एक जागा इंटरनेटवर आहे, तिथे टोपणनावाने टाकायचा. अम्माला कळलं असतं तर तिने दोघांनाही पार्थसारथीच्या देवळात नेऊन नाक घासायला लावलं असतं.

खेळ साधा होता. पडद्यावर दुपारचं घर, पण हॉल पूर्ण काळा. झोपलेली माणसं दिसायची नाहीत, फक्त ऐकू यायची. कानाला हेडफोन लावून कोणाचा श्वास कुठून येतो ते ओळखायचं आणि त्यांच्यामधून वाट काढायची. आधी दोन टिचक्या, मग तिच्या आठ बांगड्या एकेक करून उतरवायच्या. घाई केली की किणकिणणार, आणि कोपऱ्यातली पट्टी लाल होत जाणार. पट्टी भरली की कोणीतरी जागं होऊन खेळ खलास. दारापर्यंत पोचलात तर कडी निघे, आणि पुढचं सगळं अठरा वर्षांवरच्यांसाठी. ते ऊर्मीने इतकं हळुवार काढलं होतं की विश्वेशला ते पाहताना लाजही वाटे आणि अभिमानही.

श्वास मात्र खरे हवेत, असा विश्वेशचा हट्ट. एका शुक्रवारी दुपारी त्याने हॉलमध्ये वेताच्या मोढ्याखाली फोन ठेवला आणि घरच्या तिघांची झोप चाळीस मिनिटं रेकॉर्ड केली. न विचारता. ऊर्मीला ते आवडलं नाही.

"झोपलेल्या माणसाचं काही घेऊ नये रे," ती म्हणाली.

"श्वासच घेतलाय. सोनं नाही घेतलं," तो म्हणाला.

३

खेळ अर्धाच झाला होता. शेवट नव्हता, ऊर्मीच्या नायिकेच्या चेहऱ्यावर रंग भरायचे होते. तरी त्याने पाच परक्या माणसांना तो पाठवला. ही पाचजणं असले अर्धवट खेळ खेळून बघत आणि मत कळवत. विश्वेशने त्यांच्यासाठी सात प्रश्नांचा फॉर्म केला होता. तिसरा प्रश्न होता: 'बाहेर किती जण झोपले आहेत?' कानाने माणसं वेगळी ओळखता येतात का, एवढंच त्याला तपासायचं होतं. उत्तर होतं तीन.

सोमवारी पाचही फॉर्म आले. टिचक्यांची खूण सगळ्यांना फार आवडली. एकाने तर लिहिलं होतं, बांगड्या उतरवतानाच माझ्या तळहाताला घाम सुटला. विश्वेश खूश. मग त्याने तिसरं उत्तर पाहिलं.

चार. चार. चार. चार. चार.

अभिप्राय मागणं त्याला जमायचं, घेणं जमायचं नाही. कोणी चूक दाखवली की पहिल्या दोन ओळी वाचूनच तो उत्तर टंकायला घ्यायचा. आताही त्याने पाचही जणांना कळवलं: तीनच आहेत, हेडफोन नीट लावून पुन्हा ऐका.

"अरे, मत तूच मागितलंस ना?" ऊर्मी त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाली. "मग खटला कसला चालवतोस? निदान शेवटपर्यंत वाच तरी."

"वाचलं."

"दोन ओळी वाचल्यास. मी बघत होते."

४

शेवटपर्यंत वाचण्यासारखं होतं ते नवीनने लिहिलेलं. हा नवीन मदुरैचा, लग्नांच्या व्हिडिओंना आवाज जोडायचं काम करायचा. कान तयार. त्याने ओळीने लिहिलं होतं.

'खिडकीच्या बाजूला एक बाई, नाकातून शीळ वाजते. मध्ये म्हातारी, प्रत्येक श्वासामागून हूं करते. दाराशी पुरुष, घोरतो. हे तिघं झकास. चौथा त्या पुरुषाच्या आणि दाराच्या मध्ये आहे. तो फक्त श्वास आत घेतो. कल्पना चांगली आहे, पण तो सोडतो कधी? मी पट्टी न हलवता नुसता बसून ऐकलं. अकरा मिनिटं तो आतच घेत होता. मग मला माझा श्वास कोंडल्यासारखा वाटायला लागला आणि मी हेडफोन काढला.'

विश्वेशला हायसं वाटलं. ही तर सरळसरळ कापताना झालेली चूक! कुठल्यातरी श्वासाचा अर्धा तुकडा राहिला असणार आणि तोच पुन्हा पुन्हा वाजत असणार. त्याने मूळ रेकॉर्डिंग उघडलं. जोड तपासले. सगळे बरोबर होते. मग मूळ चाळीस मिनिटं डोळे मिटून ऐकली. अम्माची शीळ, आत्याचं हूं, अप्पांचं घोरणं. पंखा. लांबून मासेवालीची हाळी. तीनच.

रोज त्या घरात राहणाऱ्याला पंख्याचा आवाज ऐकू येत नाही, हे त्याला तेव्हाच सुचलं. पाहुण्याला येतो. पण तो विचार त्याने पुढे नेला नाही.

५

बुधवारी त्याने ऊर्मीला काही न सांगता खेळ ऐकवला आणि छापलेला फॉर्म भरायला दिला. तिने तिसऱ्या प्रश्नापुढे चार लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"नवीनचं वाचलंस तू," तो म्हणाला.

"नाही वाचलं. मी तुला हे आषाढातच सांगितलं होतं. दुपारी या घरात कोणीतरी जागं असतं म्हणून. तू हसलास."

त्याला आठवलं. तो हसला होता खरा.

"आणि मंगळवारचं सांगितलं तेव्हाही हसलास. दोन टिचक्या ऐकल्या मी. पहिली नेहमीची, दुसरी हळू. बांगड्या काढल्या, दार उघडलं. स्वयंपाकघरात कोणी नाही. मग आठवलं, मंगळवार. तू तरमणीला."

"मी म्हणालो होतो, इतकी आठवण येते का माझी."

"हो. तसंच म्हणालास." ती हसली नाही. "त्या दिवशी दार उघडल्यावर मला वाटलं, कोणीतरी दाराच्या अगदी जवळ उभं होतं आणि मी उघडलं म्हणून मागे सरकलं. वारा असतो ना तोंडावर, तसं. फक्त उलटा. माझ्याकडून तिकडे ओढल्यासारखा."

आपल्या बायकोला भीती वाटते आहे आणि तिने ती महिनाभर एकटीने सांभाळली, हे विश्वेशला लख्ख दिसलं. वाईटही वाटलं. पण वाईट वाटलं की तो नेहमी तर्क करायला लागायचा.

"बाजूच्या घरातही दवरा असतो, ऊर्मी. भिंत सामाईक आहे."

"असेल. मग खूण बदलूया. तीन टिचक्या. किंवा दुसरंच काहीतरी."

"कशाला? खेळात तीच आहे. पाचही जणांना तेवढीच तर मनापासून आवडली."

ऊर्मीने फॉर्म त्याच्याकडे सरकवला. "त्या पाचांना तू पुन्हा विचारतोस. मला एकदाही विचारलं नाहीस," ती म्हणाली. "आपण दुसरीकडे जाऊ, विश्वेश. एक खोली चालेल. पेरंबूरला बाबांच्या ओळखीत आहे."

"हा खेळ होऊ दे. मग नक्की."

ती उठून आत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला. त्या दुपारी त्याने टिचक्या मारल्या नाहीत.

६

त्याऐवजी तो स्वयंपाकघराच्या चौकटीत उभा राहून मोजत राहिला. बाहेर ऊन भाजत होतं. पावणेतीनला वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला आणि घर एकदम स्वच्छ ऐकू यायला लागलं. शीळ. हूं. घोरणं. शीळ. हूं. घोरणं.

तीन. त्याने पुन्हा मोजले. पुन्हा तीनच. आपण श्वास धरून उभे आहोत हे छातीत दुखायला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याने तो सोडला, आणि त्याला उगाचच वाटलं की हॉलमध्ये कोणीतरी तो ऐकला.

अप्पांच्या उशाशी, दाराच्या बाजूला, फरशीवर एक दवरा पालथा पडला होता. दवरे स्वयंपाकघरातल्या फळीवर असतात. अप्पांनी सकाळची कॉफी तिथे बसून घेतली असेल, असं म्हणून विश्वेशने तो उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. अप्पांची झोप मोडली असती. उगाच बोलणी कोण खाणार?

त्या संध्याकाळी त्याने घरचे श्वास खेळातून काढून टाकले. तिन्ही. त्या जागी इंटरनेटवर फुकट मिळणारे कुठल्याशा परदेशी माणसांच्या झोपेचे आवाज घातले, दोन बायका आणि एक पुरुष. स्वतः ऐकले, तीन होते. खेळ पाचांना पुन्हा पाठवला. ऊर्मीला सांगितलंही नाही. उद्या पाच वेळा 'तीन' आलं की तिच्यासमोर ठेवायचं आणि विषय संपवायचा, असं त्याच्या मनात होतं.

७

गुरुवार. तरमणीच्या ऑफिसात बाहेरचं ऊन काचेमुळे निळसर दिसत होतं. दोन वाजून पंचावन्न मिनिटांनी एकामागून एक फॉर्म आले.

तीन. तीन. तीन. तीन.

विश्वेश खुर्चीत मागे टेकला. हसूही आलं. महिनाभराचा गोंधळ एका चुकीच्या रेकॉर्डिंगपायी! पाचवा फॉर्म नवीनचा होता. त्याचीही पहिली ओळ 'तीन. आता बरोबर' अशीच होती. दुसरी ओळ होती, 'दाराशी घोरणारा पुरुष काढून टाकलास ते उत्तम केलंस.'

परदेशी पुरुष घोरत नव्हताच, तेव्हा हेही ठीक. विश्वेशने पुढे वाचलं नाही. त्याला घरी जावंसं वाटलं. ऊर्मीची माफी मागावी, खूण बदलू म्हणावं, पेरंबूरची खोलीही बघून यावी, असं सगळं एकदम वाटलं. त्याने तिला लिहिलं: 'लवकर निघतोय. अर्ध्या तासात घरी. अप्पा झोपलेत ना?'

लगेच उत्तर आलं. 'सगळे निजलेत. ये. जागी आहे.' निजलेत हा शब्द तिने त्याच्या घरचा उचलला होता, त्याला चिडवायला वापरायची. म्हणजे राग गेला होता. तो बॅग उचलून धावतच स्टेशनावर गेला.

उंचावरून जाणारी ती गाडी दुपारी रिकामी असते. विश्वेश खिडकीशी बसला आणि वेळ जावा म्हणून नवीनचा फॉर्म पुन्हा उघडला.

'तीन. आता बरोबर. दाराशी घोरणारा पुरुष काढून टाकलास ते उत्तम केलंस. आता दोन बायका, आणि त्याच्या जागेवर तो, जो फक्त श्वास आत घेतो. आधी तो अडचणीत पडल्यासारखा होता, आता त्याला ऐसपैस जागा मिळाली.

एक बग सांगतो. मी बटण दाबायच्या आधीच टिचक्या वाजतात. दोन, दुसरी हळू. त्या स्वयंपाकघरातून येत नाहीत, दाराशी तो आहे तिथून येतात. आणि नायिका लगेच बांगड्या उतरवायला लागते. तिला वाटतं नवराच आला. मी सगळी बटणं दाबून पाहिली, तिला थांबवता येत नाही. पाचव्या बांगडीला मी खेळ बंद केला. रागावू नकोस. मला पुढचं बघायचं नव्हतं.'

खाली फॉर्म पाठवल्याची वेळ होती, दोन त्रेपन्न. विश्वेशने ते सगळं दोनदा वाचलं. शेवटपर्यंत. मग त्याने ऊर्मीला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. अम्माला लावला, अप्पांना लावला. सगळे मुके. दोन ते चार.

त्याने लिहिलं: 'दार उघडू नकोस.' मग: 'टिचक्या ऐकल्यास तरी उघडू नकोस. मी हाक मारीन.' निरोप गेले. कोणी पाहिले नाहीत. तिने फोन उशीखाली सारला असणार. नवरा येतोय हे कळल्यावर फोन कोण बघत बसतं?

आवाजातला दोष आहे, तो स्वतःला समजावत राहिला. नवीनने गंमत केली. अप्पा दाराशी झोपलेले आहेत, अकरा वर्षं रोज झोपतात. त्यांना ओलांडून कोण येणार? अप्पा आहेत, एवढ्या एका गोष्टीला त्याने तिरुवल्लिकेणी येईपर्यंत धरून ठेवलं.

८

अप्पा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे होते. हातात कापडी पिशवी, पिशवीतून ताज्या दळलेल्या कॉफीचा वास.

"काय रे, आज लवकर आलास?"

विश्वेश जागीच थांबला. "अप्पा, तुम्ही खाली? आत्ता?"

"निजवेना रे आज." अप्पांनी गुडघा चोळला. "काय की, चटईवर जागाच पुरेना. दोनदा सरकलो, तिसऱ्यांदा उठलों. म्हटलं उगी लोळण्यापेक्षा कापीची पूड तरी आणूं. अम्मा निजलीय, हळू जा वरती."

विश्वेश दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. दारात त्याने चपला काढल्या. का काढल्या ते त्यालाही सांगता आलं नसतं. सवय. किल्ली फिरवली, तीही हळूच.

हॉलमध्ये अंधुक उजेड होता. खिडकीखाली अम्मा, कुशीवर. पंख्याखाली आत्या, तोंड उघडं. आतल्या खोलीच्या दाराला आडवी तिसरी चटई, आणि तिच्यावर अप्पांची चौकड्यांची चादर डोक्यापासून पायापर्यंत ओढून कोणीतरी निजलं होतं.

शीळ. हूं. आणि मग, या घरात जन्म काढलेल्या विश्वेशला तो पहिल्यांदा ऐकू आला. आत जाणारा श्वास. बारीक, सावकाश, न थांबणारा. चादर त्यासरशी फुगत नव्हती. उलट कडेकडेने आत ओढली जात होती. तो संपेल म्हणून विश्वेश थांबला. तो संपला नाही. शीळ झाली, हूं झालं, पुन्हा शीळ झाली, आणि तो आतच जात राहिला.

मागे जिन्यावर अप्पा खोकले. अजून पहिल्याच वळणावर होते.

चादरीखालून एक हात बाहेर आला. तो अप्पांचा नव्हता, एवढंच विश्वेशला कळलं. बोटं फरशीवरून चाचपत दवऱ्याशी गेली. नखाने एक टिचकी मारली, नेहमीची. मग दुसरी, जरा हळू.

आतल्या खोलीत ऊर्मी हलली. तिच्या हलण्यात आनंद होता, तो दाराबाहेरही कळत होता. मग काचेचा बारीक आवाज आला. एक.

तिला हाक मारायची होती. एवढंच करायचं होतं, तिचं नाव मोठ्याने घ्यायचं. दोन, तीन. इतकी वर्षं दोन ते चारमध्ये या हॉलमध्ये त्याने कधी आवाज चढवला नव्हता, पण आता अम्मा उठली तरी चालणार होतं, सगळी गल्ली उठली तरी चालणार होतं. चार. आतून गुणगुणल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. तिने हात बदलला.

पाच.

विश्वेशने तोंड उघडलं आणि छाती भरून श्वास घेतला. सहा. तो घेत राहिला. सात. छाती भरली, दुखली, तरी श्वास आतच जात होता, बारीक, सावकाश, आणि तो जिवाच्या आकांताने बाहेर ढकलत असतानाही बाहेर येत नव्हता.

चादर स्तब्ध झाली होती. आता हॉलमध्ये एकच जण तसा श्वास घेत होता.

आठवी बांगडी फरशीवर टेकली, आणि आतून कडी निघाली.